मोरीच्या खिडकीखालची गल्ली

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा सासूबाईंनी मला देव्हाऱ्याच्या आधी मोरीची खिडकी दाखवली.

"काय नको असात ता हयसून टाकूचा," त्या म्हणाल्या. "आणि खाली वाकान बघूचा नाय. बघलंस तर जेवण जाऊचा नाय."

मी देवगडकडची. आमच्याकडे नको असलेलं माडाच्या आळ्यात जायचं, म्हशीपुढे जायचं, नाहीतर परड्यात कुजायचं. इथे ते तिसऱ्या मजल्यावरून खाली जायचं आणि पुढे त्याचं काय होतं ते विचारायची पद्धत नव्हती. मी अर्थात पहिल्याच दिवशी खाली वाकून बघितलं. दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे होत्या आणि मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी घरगल्ली होती. तिच्यातून गटार वाहत होतं. म्हणजे वाहायला हवं होतं. सासूबाईंचं खरं होतं, त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

गल्ली कोणाची, यावर आमच्या आणि पाठच्या चाळीत जुना वाद होता. आम्ही म्हणायचो त्यांची, ते म्हणायचे तुमची. बेळगाव आपलंच म्हणून दोन्ही चाळींतले पुरुष एका मोर्चात खांद्याला खांदा लावून ओरडत होते, पण घरात येऊन गल्लीचा सीमाप्रश्न निघाला की दोन्हीकडून हक्क सोडून द्यायची चढाओढ. एकदा मालकी नाकारली की मग वरून काय टाकावं याला धरबंध राहत नाही. चहाचा चोथा, नारळाच्या करवंट्या, केस, राख. आवाजावरून कोणत्या मजल्यावरून काय पडलं ते मला महिन्याभरात कळायला लागलं.

सगळ्यात जास्त आमच्याच खिडकीतून पडायचं, कारण सासूबाईंची खाणावळ होती. सासरे गेल्यावर त्यांनी ती सुरू केली. बायकापोरं गावाला ठेवून गिरणीत राबणारे वीस-पंचवीस बाप्ये आमच्या दोन खोल्यांत पंगतीला बसायचे. पत्रावळीवर भात, कढी, मासळीची एखादी तुकडी. पंगत उठली की पत्रावळी गोळा करायच्या, गुंडाळी करायची आणि खिडकीतून सोडायची. भाजीची देठं, मासळीची घाण, शेगडीची राख सगळं त्याच वाटेने. माझा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. पाळी सुटली की सभेला जायचा. मुंबईसाठी तो प्राण द्यायला तयार होता, पण मोरीतली बादली उचलायला नव्हता.

चाळीचे एक पुढारी होते. कुठल्याशा कचेरीत कारकून. सत्याग्रहात थोडे दिवस आत जाऊन आले होते आणि तेव्हापासून नळावर पाणी भरतानासुद्धा भाषण करायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त मोठ्याने होता. सोमवार कडक पाळायचे. त्यांच्या बायकोचाच तसा नियम होता. सोमवारी त्यांच्या घरी खिचडी.

आमच्या खाणावळीतही सोमवारी मासळी बंद असायची. सगळ्यांसाठी बंद, पुढारी सोडून. कचेरीतून परतताना ते आमच्याकडे "चळवळीच्या कामासाठी" डोकावायचे आणि आतल्या खोलीत पडद्यामागे बसून बांगड्याच्या तिखल्यावर ताव मारायचे. त्या बदल्यात सकाळी नळावर सासूबाईंच्या हंड्याचा पहिला नंबर. हा व्यवहार मी घरात आल्यावर पहिल्याच सोमवारी मला समजला. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला वाटण वाटायला बसवलं.

अशाच एका सोमवारी सासूबाईंनी बांगडे साफ केले आणि आतडी, कल्ले, जे काय निघालं ते केळीच्या पानात गुंडाळून खिडकीतून सोडलं. खालून ओरडण्याचा आवाज आला. सासूबाईंनी हात आत घेतला आणि काही न झाल्यासारखी विळी धुवायला घेतली.

थोड्या वेळाने चाळीच्या अंगणात माणसं जमली. आम्हीही गॅलरीत गेलो. खाली म्युनिसिपालिटीचा सफाईवाला उभा होता. मधल्या वयाचा, काटक, खाकी सदरा. आठवड्यातून दोनदा तो गल्लीत शिरून गटार मोकळं करायचा. त्याच्या टोपीवरून, कानावरून काय ओघळत होतं ते सांगायला नको. हातात तेच केळीचं पान होतं आणि पानावर बांगड्याची आतडी, जपून आणलेली.

पुढारी नुकतेच कचेरीतून येत होते. त्यांनी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"रे नको," तो शांतपणे म्हणाला. "काय हो, असं विचारा."

तो बौद्ध झाला होता, ते आम्हाला माहीत होतं. त्याच्या वस्तीतली पुष्कळ माणसं नागपूरला जाऊन आली होती. पण बौद्ध झालेला माणूस आपल्याशी अहो-जाहो मागेल, हे चाळीच्या लक्षात आलं नव्हतं. पुढाऱ्यांना सभेत समतेवर बोलायची सवय होती, अंगणात नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"काय हो, काय झालं?"

"हे बघा काय झालं." त्याने पान पुढे केलं. "मी खाली वाकलेलो. वरून हे. गेल्या महिन्यात निखारे पडले होते. आता मी या गल्लीत येत नाही. आमच्यातला दुसरा कोणीही येणार नाही. खिडकीतून टाकणं बंद करा, साचलंय ते उपसा, मग बोलवा."

"पण हे टाकलं कोणी?" कोणीतरी ओरडलं. "आज सोमवार! सोमवारी मासळी कोणाच्या घरात?"

आता सगळ्या चाळीला गोडी वाटली. घाणीचं कोणाला काही नव्हतं, पण सोमवारी मासळी खाणारा पापी आपल्यात आहे म्हटल्यावर बायका पदर खोचून पुढे आल्या. "चौकशी झालीच पाहिजे," असं सगळ्यात मोठ्याने पुढाऱ्यांची बायकोच म्हणाली. पुढाऱ्यांनी गॅलरीकडे वर बघितलं. सासूबाई कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"होय होय," त्या वरून म्हणाल्या, "करा चौकशी. मीच सांगतंय काय ता."

पुढाऱ्यांचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. ते पायरीवर चढले, हात वर केला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, हा प्रश्न एका व्यक्तीचा नसून समाजाचा आहे! व्यक्तिगत चिखलफेकीत आपण शिरता कामा नये!"

चिखलफेक हा शब्द ऐकून सफाईवाला पहिल्यांदा हसला. पान त्याने पायरीवर ठेवलं आणि तो निघून गेला.

पुढाऱ्यांनी समाजाचा प्रश्न म्हटल्यावर समाजाला जे येत होतं ते समाजाने केलं. वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेला. माझा नवरा पुढे होता. "झालाच पाहिजे"च्या घोषणा नेहमीच्याच दिल्या, मधे गटार घातलं. तिथला साहेब बाहेर आला, त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "गल्लीत टाकतं कोण?" मंडळी भजी खाऊन परत आली आणि भज्यांचे कागद खिडकीतून खाली गेले.

मग गटार तुंबलं. पहिल्यांदा वास आला, मग उंदीर आले, मग पाणी चढलं. तळमजल्यावर आमच्या बरोबर खाली एक बाळंतीण होती. तिच्या मोरीतून काळं पाणी उलटं वर यायला लागलं. एक दिवस ती मूल कडेवर घेऊन आमच्या दारात आली. सासूबाईंना म्हणाली, "मावशी, बाळाला कुठे न्हाऊ घालू?" भांडली नाही, रडली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली. सासूबाईंनी तिला आमच्या मोरीत नेलं आणि बाळाला स्वतः न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना त्यांची नजर सारखी खिडकीकडे जात होती.

पण खरं सांगायचं तर त्यांना हलवलं ते धंद्याने. खाणावळीतला एक साचेवाला कढीची वाटी नाकाला लावून म्हणाला, "मावशी, आज कढीक गटाराचो वास येता." पंगतीत कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवडाभरात निम्मी पंगत भोईवाड्याकडच्या दुसऱ्या खाणावळीत जेवायला लागली. सासूबाईंच्या कढीला नावं ठेवणारा त्या दिवसापर्यंत जन्मला नव्हता.

रविवारी सकाळी त्यांनी लुगड्याचा कासोटा घट्ट आवळला, डोक्याला फडकं बांधलं, कोळशाचं फावडं घेतलं आणि मला म्हणाल्या, "घमेला घी. चल."

"कुठे?"

"खाली. तुका वाकान बघूची हौस होती ना?"

आम्ही दोघी गल्लीत शिरलो. पोटरीभर राडा होता. मी नाकाला पदर बांधला होता तरी डोळ्यांत पाणी येत होतं. सासूबाई फावडं मारत होत्या आणि प्रत्येक फावड्याला चाळीतल्या एकेका घराचा उद्धार करत होत्या, स्वतःचं घर सोडून. सगळ्यात जास्त पत्रावळी निघाल्या. त्या कोणाच्या हे दोघींना माहीत होतं. मग आमची हरवलेली पळी निघाली, जिच्यासाठी सासूबाईंनी शेजारणीशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. त्यांनी ती पदराला पुसली आणि कमरेला खोचली.

तेवढ्यात पाठच्या चाळीतून कोणीतरी चहाचा चोथा सोडला. तो सासूबाईंच्या डोक्यावर पडला.

त्या पुढे काय बोलल्या ते छापता येणार नाही. मालवणीत शिव्यांची जेवढी घराणी आहेत ती सगळी त्यांनी गायली. दोन्ही चाळींच्या पाठच्या खिडक्या उघडल्या आणि बायकांची डोकी बाहेर आली. वर डोकी, खाली आम्ही. पाठच्या चाळीतली एक धिप्पाड बाई म्हणाली, "अगो, खानावळवाली गटारात!" आणि हसत सुटली. मग हसायची थांबली. दहा मिनिटांत ती खाली आली, स्वतःचं घमेलं घेऊन. म्हणाली, "चोथा माझाच होता. सरक जरा." तिच्यामागून आणखी चार जणी आल्या. सीमाप्रश्न तिथेच, पोटरीभर राड्यात, चर्चेशिवाय मिटला.

पुरुष गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कसं उपसायला हवं ते सांगत होते. पुढारीही आले. धुतलेलं धोतर, हातात वर्तमानपत्र. म्हणाले, "माताभगिनींचं हे कार्य म्हणजे..."

सासूबाईंनी भरलेलं घमेलं त्यांच्यापुढे धरलं. "धरा."

"मी?"

"उद्या काय वार आसा?" सासूबाईंनी विचारलं.

पुढाऱ्यांनी वर्तमानपत्र काखेत मारलं आणि घमेलं धरलं. पुढाऱ्यांनी धरलं म्हणून माझ्या नवऱ्यानेही धरलं. त्याने धरलेलं पाहून मला जो आनंद झाला तो मी त्याला दाखवला नाही. दुपारपर्यंत रांग लागली आणि गल्लीतून रस्त्याच्या कचरापेटीपर्यंत घमेली फिरली. संध्याकाळी गटाराने खळखळ आवाज केला. तो ऐकायला बाळंतीण मुलाला घेऊन बाहेर आली.

उपसणं सोपं होतं. पुन्हा भरू न देणं कठीण. खिडकीतून टाकायचं नाही, तर मग टाकायचं कुठे? सासूबाई दोन दिवस या प्रश्नावर धुमसत होत्या. मी म्हटलं, "आमच्याकडे हे सगळं म्हशीला नाहीतर माडाला जातं."

"हय खंय तुझे माड?"

माड नव्हते, पण परळला तबेला होता. मी नवऱ्याला घेऊन गेले. तबेलेवाला भय्या म्हणाला, देठं, सालं, उरलेला भात, पेज सगळं चालेल, पण मसाला लागलेलं नको, म्हैस लाथ मारते. मासळीच्या घाणीसाठी वडाळ्याकडे रुळांच्या कडेला भाजी पिकवणारा एक माळी भेटला. तो सायकलला डबा लावून एक दिवसाआड यायला कबूल झाला. राख आम्ही भांडी घासायला ठेवली आणि चाळीतल्या बायकाही ती न्यायला लागल्या. राहिल्या पत्रावळी. त्यांच्या जागी सासूबाईंनी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या आणल्या आणि पंगतीत जाहीर केलं, "जेवलास की आपली थाळी आपण धुवूची. खरकटा ह्या डब्यात, काटे त्या डब्यात."

पंगतीत बंड झालं. "मावशी, बाप्यांनी थाळ्या धुवायच्या?"

"मोर्च्यात झेंडो धरतास ना? मगे थाळी धरलास तर हात झडतलो?"

काही दिवस कुरकुर चालली. एकदा मुद्दाम कोणीतरी कढी तबेल्याच्या डब्यात ओतली. दुसऱ्या दिवशी भय्या डबा परत घेऊन आला आणि पंगतीसमोर ठेवून म्हणाला, "जिसने डाला, वो आके भैंस को समझाए." त्यानंतर कोणी तसं केलं नाही. दोन्ही चाळींतल्या बायकांनी पैसे काढून पाठच्या खिडक्यांना जाळी मारून घेतली. घरमालकाने हात वर केले होते. जाळी बसवली आमच्याच पंगतीतल्या एका फिटरने, जादा तुकडीच्या बोलीवर.

आता सफाईवाल्याला बोलवायचं होतं. पुढारी म्हणाले शिष्टमंडळ नेऊ. सासूबाई म्हणाल्या, नको, आणि मला घेऊन सफाईवाल्यांच्या चौकीवर गेल्या. तो आणि त्याचे सोबती बाकावर चहा पीत होते. सासूबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ती घाण माझी होती."

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "वर बघितलं तेव्हा तुमच्या खिडकीत हात आत जाताना दिसला."

"मगे तेव्हा बोललात नाय कशाक?"

मी कान टवकारले. सासूबाईंच्या तोंडून "बोललात" मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुमचं एकटीचं नाव घेतलं असतं, तर बाकी सगळे सुटले असते," तो म्हणाला. "गल्ली तशीच राहिली असती."

"उद्यापासून येवा," त्या म्हणाल्या. "गल्ली बघून घेवा. आणि काय होया ता सांगा."

तो विचार करून म्हणाला, "दुपारचं तुमच्याकडे जेवीन. पैसे देऊन. पंगतीत बसून."

जातीपातीचं सासूबाईंच्या मनात काही नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. भरपूर होतं. बाहेरच्या कामवाल्यांना पाणी देण्याची त्यांची एक वेगळी लोटी होती, दाराच्या खिळ्याला टांगलेली. घरी येऊन त्या तिच्याकडे बघत बसल्या. मी शेगडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी तो आला. गल्ली बघितली, मान हलवली, आंघोळ करून पांढरा सदरा घालून वर आला. सासूबाईंनी पंगतीच्या मधोमध त्याची थाळी मांडली होती. कोपऱ्यात नाही, मधोमध. "बसा," त्या म्हणाल्या आणि स्वतः वाढलं. दोघे जण थाळीवरून उठले आणि चपला घालून गेले. बाकीचे मान खाली घालून जेवले. तो जेवला, थाळी धुतली, काटे काट्यांच्या डब्यात टाकले आणि म्हणाला, "कालवणात तिरफळं जरा जास्त झालीत."

"तुमका समाजता काय?" सासूबाई फणकारल्या. "आमच्या गावाक असाच करतत." मग बोलण्यातून निघालं की त्याचंही गाव आमच्याच बाजूचं, खाडीच्या पलीकडचं. तिरफळांवरून त्यांचं भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं. उठून गेलेल्या दोघांतला एक आठवड्याने निमूट परत आला. दुसऱ्या खाणावळीची कढी त्याला मानवली नव्हती. दुसरा कधीच आला नाही. लोटी त्या खिळ्यावर कधी दिसेनाशी झाली ते मी विचारलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन जाळ्या लोकांनी कापल्या, एका पावसाळ्यात गटार परत तुंबलं, माळी मधेच गावाला निघून गेला आणि नवा माळी मिळेपर्यंत आम्ही नाकाला पदर लावून बसलो. पुढाऱ्यांनी तर "आमच्या चाळीचा स्वच्छतेचा प्रयोग" म्हणून दुसऱ्या चाळींत भाषणं दिली. सासूबाईंनी देऊ दिली. नळावर आमचा नंबर अजून पहिला होता.

मग एकदाचं मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य झालं. चाळीवर दिवे लागले, पेढे वाटले, माझा नवरा गुलाल लावून रडला. दोनचार दिवसांनी सासूबाई पुढाऱ्यांच्या खोलीत गेल्या. पलंगाखाली मोर्च्यांचे कापडी फलक घड्या घालून ठेवले होते, चांगलं जाड मांजरपाट.

"ह्या कापडाचा आता काय करतलास?"

"ते आंदोलनाचं कापड आहे, बाई," पुढारी दुखावून म्हणाले.

"आंदोलन संपला ना?"

"सीमाभाग अजून राहिलाय."

सासूबाईंनी विचार केला. "मगे अर्धा ठेवा," त्या म्हणाल्या आणि अर्धे फलक काखेला मारून घरी आल्या.

मी त्याच्या पिशव्या शिवल्या. अक्षरं जिथे येतील तिथे आली. पातेली उतरवायच्या फडक्यावर नुसता काना आला. माझ्या वाट्याच्या पिशवीवर मोठ्या तांबड्या अक्षरांत "झालाच" एवढंच होतं. ती घेऊन मी हिंदमाताजवळच्या वाण्याकडे वाटाणे आणायला गेले. वाण्याने कागदाचा पुडा बांधायला घेतला, पिशवी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुडा बाजूला ठेवून वाटाणे सरळ पिशवीत ओतले.